रिकामं आलेलं ताट

‘‘मॅडम, सात नंबरच्या मावशी काही केल्या उभ्याच राहत नाहीत हो. मला तर वाटतं, आळस करतात.’’

२०२१ च्या मे महिन्यातली ती दुपार. कोविडच्या दुसऱ्या लाटेचा जोर नुकता कुठे ओसरायला लागला होता. आमच्या वॉर्डातली फिजिओथेरपिस्ट, सव्वीस-सत्तावीस वर्षांची पोर, कपाळावरचा घाम पुसत मला सांगत होती. मी हातातला कागद पाहिला. सात नंबर : नाश्ता पूर्ण, दुपारचं जेवण पूर्ण, रात्रीचं जेवण पूर्ण. एक-दोन दिवस नव्हे, ओळीनं बारा दिवस हेच. ‘‘अगं, जेवतात तर व्यवस्थित. होईल हळूहळू,’’ असं म्हणून मी पुढे गेले.

त्या ‘पूर्ण’ या शब्दाची मला आजही लाज वाटते. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी आहारतज्ज्ञ. नाशिकमधल्या एका रुग्णालयात बावीस वर्षं काम करत होते तेव्हा. ‘आहारतज्ज्ञ’ म्हटलं की लोकांना वाटतं, वजन कमी करून देणारी बाई. रुग्णालयातलं आमचं काम मात्र बरोबर उलटं असतं. माणसाचं वजन घटू द्यायचं नाही, यासाठी आम्ही असतो. पण खरं सांगायचं तर तिथे आमची ओळख ‘जेवणवाल्या मॅडम’ एवढीच. डॉक्टरांच्या राउंडमध्ये ऑक्सिजन किती, शुगर किती, सीआरपी किती याची चर्चा होते. ‘पेशंटनं काल खाल्लं काय?’ हा प्रश्न आलाच तर सगळ्यात शेवटी, जाता जाता.

त्या वर्षी आमच्याकडे एक मजला ‘कोविडनंतरच्या’ रुग्णांसाठी वेगळा केला होता. रिपोर्ट निगेटिव्ह आलेला, ताप गेलेला, पण आयसीयूत दहा-पंधरा-वीस दिवस काढल्यानं अंगात त्राण न उरलेली ही माणसं. कुणाला उठून बसता येत नव्हतं, कुणाला पेला धरता येत नव्हता. त्यांना पुन्हा चालतंबोलतं करून घरी पाठवायचं, हे त्या मजल्याचं काम. व्यायाम होता, श्वासाचे प्रकार होते, फुग्यासारखं फुंकायचं यंत्र होतं. आणि अर्थात जेवण होतं. सकाळी दूध, उपमा किंवा दलिया, उकडलेलं अंडं. दुपारी पोळी-भाजी, वरण-भात, पुन्हा एक अंडं. रात्री खिचडी नाहीतर पोळी-उसळ. कागदावर तरी कशाची उणीव नव्हती.

सात नंबरच्या मावशी सिन्नरकडच्या एका खेड्यातल्या. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) वय साठीच्या आसपास. एप्रिलच्या शेवटी आल्या, सोळा दिवस आयसीयूत होत्या, त्यातले बरेचसे बायपॅपच्या मुखवट्याखाली. ‘वाचल्या’ म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्यांना आमच्या मजल्यावर आणलं होतं. बारा दिवसांनी मात्र त्या आल्या तेव्हापेक्षा मलूल दिसत होत्या.

त्या दुपारी मी पुढे गेले खरी, पण जिन्यावर पाय अडखळला. फिजिओथेरपिस्टचा ‘आळस’ हा शब्द मनातून जाईना. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केलेली बाई अशी अचानक आळशी कशी होईल? परत फिरले. मावशींच्या शेजारी बसले. हात हातात घेतला. मनगटातल्या हिरव्या बांगड्या सरळ कोपरापर्यंत घसरल्या.

‘‘मावशी, तुमचं वजन किती होतं?’’

‘‘जानेवारीत दवाखान्यात केलं व्हतं. त्रेपन.’’

आणि आता? फाइल उलटी-पालटी केली. वजनाचा रकाना कोरा. आयसीयूत झोपलेल्या माणसाचं वजन कसं करणार, म्हणून तेव्हा राहिलं. पुढे ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. उभं राहता येत नसलेल्या माणसाला साध्या काट्यावर उभं करता येत नाही आणि खाटेसकट वजन करणारा काटा आमच्याकडे नव्हता. शेवटी वॉर्डबॉयच्या मदतीनं मावशींना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि तळमजल्यावरच्या कोठीत नेलं. तिथे गहू-तांदळाची पोती तोलायचा मोठा काटा होता. खुर्चीसकट भरलं ५८ किलो. मग मावशींना बाकावर बसवून नुसती खुर्ची तोलली. १७ किलो.

म्हणजे मावशी ४१ किलोच्या.

त्रेपन्नवरून एक्केचाळीस. बारा किलो, जवळजवळ पाव हिस्सा शरीर चार-पाच महिन्यांत नाहीसं झालं होतं. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं तरी आम्ही ते कुपोषणाचं लक्षण धरतो. इथे बावीस टक्क्यांच्या वर गेलं होतं. आणि माझा कागद म्हणत होता, ‘पूर्ण’.

‘कुपोषण’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेळघाटातलं नाहीतर पालघरमधलं हाडकुळं मूल येतं. शहरातल्या रुग्णालयात, डोक्यावर पंखा आणि हाताला सलाइन असलेलं मोठं माणूस कुपोषित होत असेल, असं मनातही येत नाही. पण हे दुखणं जुनं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाच्या खाण्यावर दोन स्वतंत्र प्रकरणं लिहिली. अन्न भरपूर असूनही केवळ ते भरवण्याकडे लक्ष नसल्यानं रुग्ण उपाशी राहतात, ही त्यांची तक्रार होती. १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्याच व्यवसायाला खडसावणारा एक लेख लिहिला. उंची-वजनाची नोंद नाही, दिवसेंदिवस नुसत्या ग्लुकोज-सलाइनवर ठेवणं, तपासण्यांसाठी जेवण चुकवणं, रुग्ण खातो की नाही हे कुणी न पाहणं, असे दोष त्यांनी मोजून दाखवले. तो लेख मी शिकत असताना वाचला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. आणि त्यातले दोन दोष माझ्याच वॉर्डात, माझ्याच सहीनिशी चालू होते.

सलाइनचं तर सांगायलाच हवं. ‘ताकदीची बाटली लावली’ म्हणून घरचे निर्धास्त होतात. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. म्हणजे फार तर शंभर कॅलरी, एका पोळीएवढ्या. साध्या मिठाच्या सलाइनमध्ये तर शून्य. त्या बाटलीचं काम पाणी आणि क्षार भरून काढण्याचं, भूक भागवण्याचं नाही.

मोठ्या विषाणूजन्य आजारात शरीरात नेमकं काय होतं, तेही सोप्या शब्दांत सांगते. ताप आणि दाह असतो तेव्हा शरीर लढाईसाठी इंधन मागतं. खाणं तर होत नसतं. मग घरातलं लाकूडसामान फोडून चूल पेटवावी तसं शरीर स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं. त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला, म्हणजे स्नायूंना काम नाही. कोविडमध्ये अनेकांना स्टिरॉइड द्यावी लागली. त्यांनी जीव वाचवले, पण ती स्नायूही झिजवतात आणि रक्तातली साखर वाढवतात. लंडनमधल्या आयसीयूंत केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दहा दिवसांतच रुग्णांच्या मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी अठरा टक्क्यांच्या आसपास घटलेलं दिसलं. दहा दिवसांत! मांडीचा स्नायू म्हणजे खुर्चीतून उठायचं, शौचालयात जायचं, जिना चढायचं बळ. श्वास घेणारे आणि खोकून कफ बाहेर टाकणारे तेही स्नायूच. ते झिजले की छातीत कफ साचतो, पुन्हा संसर्ग होतो. पाठीवरची जखम भरत नाही. आणि अशा माणसाला पुरेसं अन्न न देता नुसता व्यायाम करायला लावणं म्हणजे विटा-वाळू न देता गवंड्याला ‘भिंत बांध’ म्हणण्यासारखं.

मावशी ‘आळस’ करत नव्हत्या. त्यांच्याकडे विटाच नव्हत्या.

पण मग ताटातलं अन्न जात होतं कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मी जेवणाच्या गाडीबरोबरच वॉर्डात गेले आणि कोपऱ्यात उभी राहिले. ताट आलं आणि त्याच वेळी एक्स-रे काढायला बोलावणं आलं. मावशी खुर्चीवरून गेल्या, वीस मिनिटांनी आल्या. वरण गार. धाप लागलेली. पाच मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. मग वरण-भाताचे चार-पाच घास खाल्ले, तोंड वाकडं केलं. इकडे-तिकडे पाहिलं. पोळ्या भाजीसकट कागदात गुंडाळल्या. अंडं पदराच्या टोकाला ठेवून गाठ मारली. उरलेला भात शेजारच्या बाईनं आणलेल्या डब्यात. ताट स्वच्छ!

एकच्या सुमाराला एका नातेवाइकाला दहा मिनिटं आत सोडत. मावशींचा मुलगा आला. तिशीतला, चेहरा रापलेला. मावशींनी पदराची गाठ सोडली आणि पुडकं त्याच्या हातात दिलं.

मला पाहिल्यावर दोघंही चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले. मला काय बोलावं ते सुचेना. शेवटी मुलगाच म्हणाला, ‘‘आई म्हणली, इथं दोन-दोन ताटं देत्यात. एक उरतंय.’’

‘‘दादा, एकच ताट देतात. हे त्यांचंच आहे,’’ मी म्हटलं.

तो पुडक्याकडे बघत राहिला. मग आईकडे. मावशी खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, ‘‘पोरगं म्हैनाभर बाहेर झाडाखाली बसलंय. हाताला काम नाही. कोरडं तोंड घिऊन माझ्यासमोर उभं राहतंय. अन् मी इथं पलंगावर बसून अंडी गिळू?’’

मला तेव्हा आमच्या दोन्ही वॉर्डांमधला फरक एकदम दिसला. गेली बावीस वर्षं मी तो पाहत होते आणि पाहत नव्हते. पुरुषांच्या वॉर्डात घरून डबे येतात. बायकांच्या वॉर्डातून डबे घरी जातात. कधी अंडं, कधी केळं, कधी बिस्किटांचा पुडा. नातवाला, नवऱ्याला, बाहेर बसलेल्या मुलाला. जी बाई घरी सगळ्यात शेवटी, उरेल ते खाऊन उठते, ती रुग्णालयाचे कपडे चढवल्याबरोबर बदलेल कशी? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे आजार यायच्या आधीच आपल्या कितीतरी बायका तोट्यात असतात.

मावशींना ओरडून किंवा समजावून काही होणार नव्हतं. आधी मुलाच्या पोटाचं बघायला हवं होतं. त्या वर्षीच्या निर्बंधांच्या काळात शिवभोजन थाळी मोफत होती. केंद्र रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर. मुलाला माहीत होतं, पण रांगेत उभं राहायची लाज वाटत होती. आमच्या वॉर्डातल्या आयाबाई त्याला स्वतः घेऊन गेल्या. ‘‘मी बी तिथंच जेवते रे,’’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी आईसमोर येऊन आधी सांगायचा, ‘‘मी जेवून आलोय.’’ हातावरचा वरणाचा वास मावशींना येत नव्हता, त्यांचा वासच गेला होता. पण त्या त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायच्या.

मग आम्ही मावशींच्या ताटाकडे वळलो. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, सिस्टर आणि मी, पहिल्यांदाच चौघे एकत्र बसून. मूत्रपिंडाचे रिपोर्ट चांगले होते. त्यामुळे किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं द्यायची ठरवली, म्हणजे दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. निरोगी माणसाला किलोमागे एक ग्रॅमच्या आतही भागतं. आजारातून उठणाऱ्याला मात्र जास्त लागतात.

पण एकदम भरपूर खायला घालायचं नाही, ही खबरदारी महत्त्वाची. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकाएकी अन्न लोटलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली जातं. हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना लोकांनी प्रेमानं पोटभर जेवू घातलं आणि त्यातले काही त्यानंच दगावले. म्हणून मावशींच्या रक्ताच्या तपासण्या करत, ‘बी१’ जीवनसत्त्व सुरू करून, आम्ही आठवडाभरात टप्प्याटप्प्यानं वाढवत १५०० कॅलरींपर्यंत गेलो.

तीन ताटांऐवजी सहा वेळा थोडं थोडं. स्टिरॉइडनं साखर वाढलेली, म्हणून गुळाचे लाडू बाद. सकाळी नागलीचं सत्त्व दुधात. मग अंडं. अकराला व्यायाम आणि तो झाल्यावर लगेच ताकात कालवलेलं फुटाण्याचं पीठ. दुपारी मऊ खिचडी, त्यात डाळ तांदळाच्या बरोबरीनं. चारला पनीरचे तुकडे. रात्री घट्ट वरण, अंडं आणि झोपताना दूध. जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर एक्स-रे नाही, व्यायाम नाही, राउंड नाही. हा नियम सिस्टरांनी दारावर कागद चिकटवून लावला आणि भल्याभल्या डॉक्टरांना परत पाठवलं.

राहिली चव. ‘‘समदं मातीवाणी लागतं,’’ मावशी म्हणायच्या. वास गेला की चवीतलं निम्मं जातं. मग खिचडीवर लिंबू पिळायचं, कोथिंबीर, शेंगदाण्याची चटणी, कधी भाजलेलं जिरं. एक दिवस मुलानं गावाकडून बाजरीची भाकरी मागवली. ती गरम दुधात कुस्करून दिली, तर मावशींनी वाटी पुसून खाल्ली. माझ्या तक्त्यात बाजरीची भाकरी नव्हती. मी ती त्या दिवशी हातानं लिहिली.

पहिला आठवडाभर काहीच फरक दिसला नाही. दहाव्या दिवशी त्या धरून उभ्या राहिल्या. पंधराव्या दिवशी हात न टेकता खुर्चीतून उठल्या. फिजिओथेरपिस्ट पोर रडायला लागली. ‘‘मी त्यांना आळशी म्हटलं होतं हो मॅडम,’’ एवढंच म्हणाली. जूनच्या अखेरीस मावशी दारापर्यंत चालत गेल्या आणि रिक्षात बसून घरी गेल्या. कोठीतल्या काट्यावर वजन भरलं ४३ किलो. फार नाही, पण काटा वर जायला लागला होता.

इथेच गोष्ट संपवली तर ती खोटी होईल. कारण त्याच मजल्यावर तीन नंबरच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना ‘सर’ म्हणायचो. आयसीयूतून येताना त्यांच्या कागदावर ‘लिक्विड डाएट’ लिहिलेलं होतं. तिथे त्या दिवशी ते बरोबरही असेल. पण नंतर ते बदलायचं राहून गेलं. डॉक्टरांना वाटलं मी बदलीन, मला वाटलं डॉक्टर सांगतील. नऊ दिवस पेज, वरणाचं पाणी, नारळपाणी. नारळपाण्याच्या ग्लासात जेमतेम चाळीस-पन्नास कॅलरी असतात आणि प्रथिनं जवळजवळ नाहीतच. सर कधी तक्रार करणाऱ्यांतले नव्हते. ‘‘छान आहे पेज,’’ म्हणायचे. पाठीला जखम झाली, ती भरेना, पुन्हा न्यूमोनिया झाला. परत आयसीयूत गेले आणि आले नाहीत. त्यांच्या फुप्फुसांची अवस्था फार वाईट होती. नीट जेवण मिळतं तर ते वाचलेच असते, असं कुणीच म्हणू शकत नाही. पण ते नऊ दिवस माझ्या हातातले होते, हे मी विसरू शकत नाही.

आणि हा नुसता माझ्या मनाचा चाळा नाही. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत दोन हजारांहून जास्त रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविडच्या आधीचा, सर्वसाधारण वॉर्डांतल्या कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णांचा. निम्म्यांना नेहमीचं रुग्णालयाचं जेवण आणि निम्म्यांना प्रत्येकाची गरज मोजून, पाठपुरावा करून दिलेला आहार. महिनाभरात पहिल्या गटातले १० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले ७ टक्के. एखाद्या औषधानं एवढा फरक पडला असता तर त्याची केवढी जाहिरात झाली असती! इथे औषध होतं अन्न, आणि ते पोटात जातंय ना हे बघणारं माणूस.

मैत्रिणींनो, रुग्णालयातून घरी आलेलं माणूस शेवटी आपल्याच स्वयंपाकघराच्या हवाली होतं. कोविडच कशाला, डेंग्यू, फ्लू, मोठा न्यूमोनिया, कशातूनही उठलेलं. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

ताप उतरला म्हणजे आजारपण संपलं नाही. घरी आल्या दिवशी वजन करा आणि मग दर आठवड्याला, त्याच काट्यावर. काटा नसेल तर बांगड्या, अंगठी, ब्लाउज, पँटचा पट्टा यांच्याकडे पाहा. हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, ते बघा.

पेज, सार, नारळपाणी पचायला हलकं असतं, पण ते जेवण नाही. त्यावर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त काढायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, कपभर दुधात तेवढीच, मूठभर फुटाण्यांतही जवळपास तेवढीच. घट्ट वरणाच्या वाटीत तेवढी मिळतात, वरच्या पाण्यात नाही. महागडे डबे प्रत्येकाला लागतातच असं नाही. मात्र मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येत असेल, तर जबरदस्तीनं भरवू नका. घशात नळी घातलेल्या रुग्णांची गिळण्याची क्रिया काही काळ बिघडू शकते आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याची तपासणी होते आणि व्यायामही असतात. भरवताना माणसाला नेहमी ताठ बसवा.

रुग्णालयात असताना निःसंकोच विचारा : वजन केलंत का? अजून पातळच द्यायचं का? इथे आहारतज्ज्ञ आहेत का, त्या कधी भेटतील? हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

आणि शेवटचं, जे मला मावशींनी शिकवलं. आजारी बाई असेल तर ‘जेवलीस का?’ असं विचारू नका. ती ‘हो’च म्हणणार. तिच्याजवळ बसा आणि ती जेवेपर्यंत उठू नका.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मावशी तपासणीला आल्या. चालत. मुलगा मागे, हातात हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीची जुडी. काट्यावर स्वतः चढल्या, साध्या काट्यावर. ४८ किलो. वास परत आला होता. माझ्या टेबलाशी टेकल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, ‘‘तीन वाजायला आलं. ताई, तुम्ही जेवला का?’’

माझा डबा पिशवीत तसाच होता. ‘‘हो,’’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. मावशी हसल्या. उठल्या नाहीत. मला डबा उघडायलाच लागला.

आमच्या वॉर्डातल्या आहाराच्या कागदावर आता ‘पूर्ण’ या शब्दाला जागा नाही. तिथे दोन रकाने आहेत. एक : किती खाल्लं? पाव, अर्धं, पाऊण, सगळं. आणि दुसरा मी हट्टानं घालून घेतलेला : खाताना कुणी पाहिलं? त्यापुढे सही करावी लागते.